गच्चीवरचे टॉवेल

अगं, परवा साखरपुड्यात फोटोंच्या वेळी तू कुठे होतीस ते मला माहीत आहे. मावशी हाका मारत घरभर फिरली, फोटोवाला ‘अजून कुणी राहिलंय का’ म्हणून दोनदा विचारून गेला, आणि तू गच्चीवर! खाली आलीस ती टॉवेलांचा ढीग कवटाळून. म्हणे, वाळलेले कपडे काढायला गेले होते. घरात चाळीस पाहुणे, मागच्या अंगणात आचारी, आणि आमच्या बाईसाहेबांना टॉवेलांची काळजी. चिपळूणचा मे महिना, आणि तुझ्या ब्लाउजच्या बाह्या मनगटापर्यंत. मी तिथे काही बोलले नाही. चारचौघांत बोलायची ती गोष्टच नव्हे. आता डोंबिवलीला आलेय, घरात सगळे झोपलेत, म्हणून निवांत लिहायला बसलेय. चहा घेऊन बस.

टोमणा मारत नाहीये गं. असे टॉवेल मी अकरा वर्षं काढलेत. कुणाच्या मुंजीत फोटोच्या वेळी मी कोठीत नारळ मोजत होते, कुणाच्या बारशाला नेमकं कुणाचं तरी पोर आतल्या खोलीत झोपवत होते. माझ्या सख्ख्या भावाच्या लग्नाच्या अल्बममध्ये मी एकाच फोटोत आहे, तोही पाठमोरी. तेव्हा तू चार वर्षांची असशील. करवली म्हणून तुलाच उभं केलं होतं माझ्या जागी, आणि तू कऱ्यातलं पाणी स्वतःच्या परकरावर सांडलंस. तुझा तो फोटो अजून आहे, भिजलेली आणि प्रचंड खूश.

माझी सुरुवात कपाळावरून झाली. नववीत होते. टिकली काढली की खाली पांढुरका ठिपका दिसायचा, तांदळाच्या दाण्याएवढा. आईला वाटलं, टिकलीचा डिंक आहे, घासलं की जाईल. आठ दिवस डाळीच्या पिठाने घासलं. मग दवाखाना. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं ते मात्र खरं होतं: चिकटवायच्या टिकल्यांच्या गोंदात कधीकधी एक रसायन असतं, त्याने त्या जागेच्या रंगपेशी मरतात. रबरी चपलांच्या पट्ट्यांनीही काहींना असं होतं. टिकली बंद केली की काहींचा रंग परत येतो. माझा आला नाही. दिवाळीपर्यंत ओठाच्या कोपऱ्यात एक, उजव्या हाताच्या दोन बोटांवर एकेक, आणि मग जिथे परकराची नाडी करकचून बांधायचे तिथे कमरेभोवती अख्खी रांग. जिथे घासतं, काचतं, खरचटतं तिथे नवा डाग उठायची खोड असते याला. म्हणून तुला त्या दिवशी न्हाणीघरात वजरी घेऊन हात घासताना पाहिलं तेव्हा माझ्या पोटात कालवलं. घासू नकोस गं. मळ नाही तो. आणि नाडी सैल बांध, किंवा सरळ इलॅस्टिक घाल.

आपल्या घरात तेव्हापासून एक शब्द बोलायचा बंद झाला, हे तुझ्या लक्षात आलंय का? ‘तिला ते आहे ना.’ ‘ते वाढलं का गं?’ ‘त्याच्यासाठी नाशिकला एक वैद्य आहे म्हणे.’ ते! अंगावर कोड आहे म्हणायची कुणाची छाती होत नव्हती. भूत कसं, नाव घेतलं की येतं, तसं. आणि गंमत बघ, हाच शब्द आपल्या भाषेत लाडासाठीही आहे. कोडकौतुक. आजी एकटीच तो बिनदिक्कत उच्चारायची. सगळे गप्प बसले की ती माझ्या डोक्याला तेल लावता लावता म्हणायची, ‘माझ्या नातीचे सगळे कोड मी पुरवीन हो.’ तिला कळत होतं का ती काय बोलतेय? मला वाटतं, चांगलंच कळत होतं. पण तिच्याकडेही उपाय नव्हता, आणि घरात उपायांचा तर पूर आला होता. मासे खाऊन वर दूध प्यायली असेल, म्हणून माझं दूध तोडलं. मग मासे तोडले. कोकणात राहून मासे तोडले, विचार कर! मग दही, लिंबू, चिंच, टोमॅटो. मी वाळले, डाग जसेच्या तसे. मासे आणि दूध यांचा याच्याशी काही संबंध नाही, हे मी तुला लिहून देते. सुरमई खा, खरवस खा, एकाच दिवशी खा.

बावचीचा प्रकार झाला तो मात्र चटका लावून गेला. शब्दशः. कुणीतरी सांगितलं, बावचीचं तेल लावून सकाळच्या उन्हात बसव. बावचीत खरोखर एक द्रव्य असतं, सोरालेन, ते उन्हाबरोबर त्वचेवर काम करतं. डॉक्टरही सोरालेन देऊन मोजून मापून प्रकाश देत आलेत. पण मोजून मापून! आईने मला अंगणात पाटावर बसवलं आणि ती आंबोळ्या घालायला गेली. संध्याकाळपर्यंत हातावर बोराएवढे फोड. रात्री ती त्यावर लोणी लावत रडत होती आणि मी तिला समजावत होते. हे मी तुला सांगतेय कारण मावशीही तशीच आहे. ती जे काही करते ते घाबरून करते. तिच्यावर चिडू नकोस, पण तिचं प्रत्येक तेल अंगाला लावूही नकोस.

तर ‘ते’ म्हणजे आहे तरी काय? आपल्याच शरीराची राखण करणारी यंत्रणा चुकून आपल्याच रंगपेशींवर उठते. रंग बनवणाऱ्या पेशी गेल्या की तिथली कातडी पांढरी. बस. बाकी कातडी तीच, घाम तोच, स्पर्शही तोच. जगात शंभरात एखाद्याला, कुठे त्याहून थोडं कमी, कुठे थोडं जास्त, असं हे आढळतं. लागत नाही, पसरत नाही, म्हणजे एकाचं दुसऱ्याला होत नाही. लोकांच्या मनात भीती बसली ती ‘श्वेतकुष्ठ’ या शब्दाने. कुष्ठरोग वेगळा. तो जंतूमुळे होतो, त्याच्या चट्ट्यावर बधिरपणा येतो, आणि तोही आता औषधाने पूर्ण बरा होतो. तुझ्या डागावर टाचणी टोचली तर तू ओरडशील. इतका फरक सांगायला एक वाक्य पुरतं. पण पिढ्यान्‌ पिढ्या ते वाक्य कुणी बोललं नाही, आणि न बोललेल्या वाक्याच्या जागी भलतंच येऊन बसलं.

शाळेत मुलं मला ‘मायकल’ म्हणायची. १९९७ ची गोष्ट. आदल्याच नोव्हेंबरात मायकल जॅक्सन मुंबईला अंधेरीत कार्यक्रम करून गेला होता, त्यामुळे चिपळूणच्या पोरांनाही तो ठाऊक. सगळ्यांची खात्री की त्याने पैसे ओतून कातडी गोरी करून घेतली. आपल्याला कोड आहे असं त्याने फेब्रुवारी १९९३ मध्ये टीव्हीवर ऑप्रा विन्फ्रीला सांगून झालं होतं. पण आमच्या वर्गापर्यंत चिडवणं पोचलं, खुलासा पोचला नाही. तो गेला तो दिवस, २५ जून, आता जगभर कोडाचा दिवस म्हणून पाळतात. मला तेव्हा कुणी हे सांगितलं असतं तर मी ‘मायकल’ला ओ दिली असती की काय, कोण जाणे. बहुधा नसती. चौदाव्या वर्षी माणूस इतकं शहाणं नसतं.

आता लपवण्याचा हिशेब सांगते. मुंबईत नोकरीला लागले तेव्हा सात बाविसची लोकल होती. साडेपाचला उठायचे, त्यातली चाळीस मिनिटं रंगकामाला. दोन छटांची फाउंडेशन बशीत कालवायची, एक चेहऱ्याची, एक हाताची, कारण हात जास्त काळे. बोटांवरचं टिकायचं नाही, म्हणून गाडीत वरचा दांडा धरायचा नाही. मग धक्के खात, दोन बायकांच्या मध्ये तोल सावरत उभं राहायचं. डब्यात वरण-भात नाही, कारण हात धुतले की रंग उतरतो. कोरडी पोळीभाजी, तीही टोकाने. लग्नाच्या पंगतीत मठ्ठा कधी प्यायले नाही, ओठ पुसावा लागतो म्हणून. अळूची भाजी, जिलबीचा पाक, काहीच नाही. लोक म्हणायचे, किती मोजकं जेवते ही! उपाशी असायचे गं मी. घरी येऊन रात्री अकराला पोहे करून खायचे.

एवढं करून मिळायचं काय? सतत लोकांच्या नजरांवर पाळत. समोरच्याची नजर माझ्या ओठावर गेली का, किती वेळ थांबली, मग तो दुसऱ्याच्या कानात काय बोलला. मैत्रीण ऐन रंगात येऊन तिच्या ठरलेल्या लग्नाची गोष्ट सांगतेय आणि माझं अर्धं डोकं ओठाच्या कोपऱ्यात. मला वाटायचं, आपण फार एकलकोंड्या आहोत. पुष्कळ वर्षांनी कळलं की एकलकोंडी नव्हते, ड्यूटीवर होते.

यावर एक प्रयोग झालाय. अमेरिकेत डार्टमथ कॉलेजमध्ये क्लेक आणि स्ट्रेंटा या दोघांनी, १९८० साली प्रसिद्ध झाला. काही जणांच्या गालावर मेकअपने मोठा व्रण काढला, त्यांना आरशात दाखवला, आणि मग ‘टिकावा म्हणून क्रीम लावतो’ असं सांगून गुपचूप पुसून टाकला. गाल स्वच्छ; पण त्यांना वाटतंय व्रण आहे. दुसऱ्या माणसाशी गप्पा मारून आल्यावर ही मंडळी सांगू लागली, समोरचा अवघडला होता, टक लावून बघत होता. कशाकडे? तिथे काहीच नव्हतं!

हल्ली ही गोष्ट मोबाइलवर फिरते आणि खाली लिहिलेलं असतं, ‘सगळं तुमच्या मनात आहे.’ याचा मला संताप येतो. त्यांच्या गालावर काही नव्हतं, आपल्या ओठावर आहे. आणि लोक बघतात. नुसते बघत नाहीत. एका जानेवारीत सोसायटीत हळदीकुंकू होतं, लग्न होऊन मी तेव्हा नुकतीच तिथे राहायला गेले होते. यजमानीण एकेकीला बोटाने कुंकू लावत आली, माझ्यापाशी आली आणि करंडा पुढे धरून म्हणाली, ‘तूच लाव गं.’ वाण सगळ्यांच्या हातात दिलं, माझं शेजारच्या खुर्चीवर ठेवलं. पिवळी प्लॅस्टिकची चहाची गाळणी होती. अजून आहे ती माझ्याकडे, रोज त्यातूनच चहा गाळते. चांगली टिकली! तेव्हा अशा बाईंना काय करायचं ते करू दे, पण तुला ते जाणवलं तर ‘माझ्या मनाचे खेळ’ म्हणून स्वतःलाच खोटं पाडू नकोस. त्या प्रयोगातून मी एवढंच घेतलं की खऱ्या नजरा दहा असतात आणि मी चाळीस मोजत होते. तीस माझ्या डोक्यातून उतरवता आल्या. उरलेल्या दहांशी बोलावं लागलं.

बोलायचं कसं, ते सांगते. जेम्स पार्ट्रिज नावाचा एक ब्रिटिश माणूस अठराव्या वर्षी गाडीच्या अपघातात चेहऱ्यासकट भाजला होता. १९९२ मध्ये त्याने ‘चेंजिंग फेसेस’ ही संस्था काढली. त्यांच्याकडे शिकवतात ते साधं आहे: काय आहे ते थोडक्यात सांगायचं, समोरच्याला धीर द्यायचा, आणि विषय दुसरीकडे न्यायचा. धीर समोरच्याला? मलाही आधी रागच आला. डाग माझे आणि धीर मी देऊ? पण करून बघितल्यावर कळलं, समोरचा खरंच गोंधळलेला असतो. विचारू की नको, बघू की नको. मी बोलले की त्याची सुटका होते आणि बोलण्याचं सुकाणू माझ्या हाती येतं.

बसस्टॉपवर एका पोराने विचारलं, ‘मावशी, तुमच्या हातावर दूध सांडलंय?’ त्याच्या आईने फाडकन त्याच्या पाठीत धपाटा घातला. मी म्हटलं, ‘दूध नाही रे, तिथला रंग गेलाय. दुखत नाही मला. तुझ्या बाटलीवर कोण आहे, छोटा भीम का?’ संपलं. पुढची दहा मिनिटं त्याने मला ढोलकपूरचा अख्खा इतिहास ऐकवला. नात्यातल्या काकूंसाठी माझं वाक्य वेगळं आहे: ‘कोड आहे, काकू, चौदाव्या वर्षापासून. कुणाला लागत नाही. तुमचा गुडघा काय म्हणतोय?’ एकदा गुडघा निघाला की माझे डाग कुणाच्या बापाला आठवत नाहीत. ऑफिसात नवीन कुणी आलं की पहिल्या दिवशी हात मिळवतानाच सांगते, म्हणजे पुढचे सहा महिने त्या बिचाऱ्याला माझ्या कपाळाकडे बघून बोलावं लागत नाही. आणि ज्या दिवशी अंगात त्राण नसेल त्या दिवशी: ‘आज नको त्यावर बोलायला.’ हेही पूर्ण वाक्य आहे.

तू तुझं वाक्य बनव. माझं उसनं घेऊ नकोस, तुझ्या तोंडात ते मोठ्या बाईचं वाटेल. आणि त्यात ‘कोड’ हा शब्द असू दे. पहिल्यांदा आरशासमोर म्हणशील तेव्हा घशात अडकेल. मी तर नळ सोडून म्हणत होते, आईला ऐकू जाऊ नये म्हणून. पंचवीस वर्षांची घोडी, न्हाणीघरात नळाखाली कुजबुजतेय, ‘मला कोड आहे, मला कोड आहे.’

हॉस्टेलवर माझ्या खोलीत एक मुलगी होती, तिला चाई होती. रुपयाच्या नाण्याएवढी चकती, कानामागे. तिला घरून सांगितलं होतं, रात्री किडा केस खातो. कसला किडा! तिथेही शरीर स्वतःच्याच केसांच्या मुळांवर उठलेलं असतं. मुळं मरत नाहीत, म्हणून केस परत येऊ शकतात. पण ती रोज कांद्याचा रस चोळायची आणि वर अत्तर, अख्ख्या खोलीला कांदाभज्यांचा वास. सकाळी उठली की आधी उशीवरचे केस मोजायची. डोक्यात डॉक्टरांची इंजेक्शनं झाली, तीन महिन्यांनी लव आली, ती पांढरी. पुष्कळांना आधी पांढरीच येते, मग काळी होते. पण हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. बावीस वर्षांची पोर, डोक्यावर म्हातारीचे केस आले म्हणून रात्रभर रडली. मला तेव्हा मनातून वाटायचं, हिचं परत येतंय तरी, माझं तर जातच नाही. पण तिचं दुःख निराळंच होतं. आले, की परत कधी जातील याची धास्ती. दोन वर्षांनी गेलेच. माझ्या डागांनी मला निदान असं झुलवलं नाही. कुणाचं मोठं, कुणाचं लहान, हे मापायच्या भानगडीत मी त्यानंतर पडले नाही. मुरुमांच्या खड्ड्यांमुळे कॉलेज सोडलेली मुलगीही मला माहीत आहे.

आता डॉक्टरांचं. त्वचेच्या चांगल्या डॉक्टरांकडे जा आणि नेटाने जा. आमच्या वेळेपेक्षा आता पुष्कळ आहे. मलमं आहेत, नॅरोबँड यूव्हीबीचा प्रकाश आहे, आठवड्यातून दोन-तीनदा आणि कित्येक महिने घ्यावा लागतो. डाग वर्षभर तरी वाढले नसतील तर कातडी किंवा रंगपेशी लावायच्या शस्त्रक्रियाही करतात. चेहऱ्यावर रंग लवकर येतो; बोटांची टोकं आणि ओठ फार हट्टी. तुझे बोटांवर आहेत, म्हणून आधीच सांगून ठेवतेय, सहा महिन्यांनी हिरमुसू नकोस. आणि औषधाच्या दुकानातून कुणी सांगितलेली स्टेरॉइडची ट्यूब मनाने लावत बसू नकोस, कातडी कागदासारखी पातळ होते.

पण डॉक्टरांना फक्त हात दाखवून येऊ नकोस. एका डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, ‘अहो, याने जिवाला काही धोका नाही, नुसतं दिसण्याचं आहे.’ नुसतं! मी तेव्हा चार महिने जिन्याचे दिवे गेल्याशिवाय खाली उतरत नव्हते. कार्डिफच्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९९४ मध्ये दहा प्रश्नांची एक यादी तयार केली, जगभर वापरतात ती. गेल्या आठवड्यात त्वचेमुळे किती लाजल्यासारखं झालं, कपडे कुठले घालायचे ते त्यावर ठरलं का, बाहेर जाणं टाळलं का, जवळच्या माणसांशी बिनसलं का, असलं सगळं. तीसपैकी गुण. म्हणजे हे विचारायचं असतं, हे वैद्यकात बसतं, तुझे फाजील लाड नाहीत ते. डॉक्टर विचारत नसतील तर तू सांग: मला झोप लागत नाही, मी मैत्रिणींकडे जात नाही. ते समुपदेशकाकडे पाठवतील, तर जा. मी गेले होते, आठ वेळा. घरी सांगितलं होतं शिवणाच्या क्लासला जाते. शेवटी आईने ब्लाउज शिवायला दिला तेव्हा पंचाईत झाली.

एक गोष्ट चेष्टा सोडून विचारते. ‘असं जगण्यात काय अर्थ आहे’ असं कधी मनात आलंय? आलं असेल तर मला रात्री दोनलाही फोन कर. आणि मी उचलला नाही तर १४४१६ लाव. टेलिमानसचा नंबर आहे, सरकारी, फुकट, रात्रंदिवस असतो, मराठीतही बोलतात.

मावशी म्हणते ना, ‘तू टेन्शन घेतेस म्हणून वाढतं’? ताणाने काहींचं बिघडतं, हे खरं. पण त्याचा अर्थ तू ओढवून घेतलंस असा नाही. डाग आले म्हणून टेन्शन, टेन्शन घेतलं म्हणून तुझीच चूक, हा कुठला न्याय?

मेकअपबद्दल तू विचारलं होतंस, सोडून देऊ का. मी अजून लावते, अधूनमधून. गेल्या महिन्यात लेकाच्या शाळेत गेले तेव्हा लावला, कारण त्या दिवशी मला नवीन वाक्यं बोलायचा कंटाळा आला होता. माझी कसोटी एवढीच: मेकअप संपला असेल आणि दुकान बंद असेल, तरी मी घराबाहेर पडेन का? पडणार असेन तर खुशाल लावते.

लग्नाचं मावशीच्या डोक्यात आहे, तुझ्या असो नसो. मला तीन ठिकाणांहून नकार आले. एका ठिकाणी मुलाला पसंत होते, मग त्याच्या आत्याने माझे हात पाहिले. बायोडेटात लिहावं की नाही यावर घरात महाभारत झालं. माझं मत विचारशील तर पहिल्या भेटीतच सांगावं असं नाही, पण घरं जोडली जायच्या आत, आणि तू स्वतः सांगावंस. मध्यस्थाने कुजबुजून नाही. मी तुझ्या भावजींना तिसऱ्या भेटीत सांगितलं, दादरला एका उडप्याकडे. हातपाय थंड पडले होते. नळाखालचं वाक्य म्हटलं. त्यांनी माझा हात बघितला, विचारलं, ‘दुखतं का?’ मी म्हटलं नाही. मग म्हणाले, ‘मला वाटलं तू इतकं कमी खातेस ते माझ्या पगाराकडे बघून.’ त्या दिवशी मी दोन मसाला डोसे खाल्ले. सासूबाईंना पटायला मात्र दीड वर्ष लागलं. मुलांना होईल का, हाच घोर. घराण्यात असलं तर शक्यता थोडी वाढते, पण बहुतेकांच्या मुलांना होत नाही, हे त्यांना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवलं तेव्हा त्या जरा निवळल्या.

तू पुण्यातच आहेस तर एक काम कर. तिथे ‘श्वेता असोसिएशन’ आहे, डॉ. माया तुळपुळे यांनी उभी केलेली. त्या स्वतः डॉक्टर, आणि त्यांनाही कोड. कोड असलेली माणसं तिथे एकमेकांना भेटतात, बोलतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ बघ. २००६ चा सिनेमा आहे, देविका दफ्तरदारने कोड असलेल्या डोळ्यांच्या डॉक्टरचं काम केलंय. मी तो पाहिला तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांची होते. पडद्यावर एवढा मोठा चेहरा, त्यावर डाग, आणि थिएटरात कुणी कुजबुजत नव्हतं. मध्यंतरात मी ओठ पुसून वडा खाल्ला. तुझ्या दृष्टीने यात काय विशेष, पण माझ्यासाठी तो मोठाच प्रसंग होता.

बरं. लग्न पंधरा जूनचं. करवली तूच, हे परवाच ठरलंय. तुझ्यासाठी जांभळं इरकल घेतलंय. शिंपी सोमवारपर्यंत माप मागतोय, तेव्हा बाही कोपरापर्यंत की मनगटापर्यंत ते त्याला फोन करून तूच सांग. मी यात बोलणार नाही. मनगटापर्यंत म्हणालीस तरी चालेल, फक्त अस्तर सुती घे, नाहीतर उकडून मरशील. आणि ओठाला काही लावणार असशील तर मला आदल्या दिवशी सांग, माझ्याकडे पाण्याने न जाणारं आहे. पंगतीला माझ्या शेजारी बस, म्हणजे मठ्ठा प्यायला सोबत होईल.

आणि हो, परवा तू गच्चीवरून जे टॉवेल गोळा करून आणलेस ना, ते ओलेच होते. मावशीने रात्री परत वाळत घातले.